लय सांभाळणारी औषधे : प्रस्तावना

हृदयाचा प्रत्येक ठोका आधी विजेचा असतो आणि मग स्नायूचा. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी, शरीराच्या वरच्या भागातले रक्त घेऊन येणारी महाशीर जिथे उघडते तिथे, सायनस नोड हा पेशींचा बारीकसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसात तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आपणहून प्रेरणा उठवतो. ती प्रेरणा दोन्ही अलिंदांत पसरते, एव्ही नोडपाशी सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग रेंगाळते आणि मग हिसचा तंतुसमूह व पर्किंजे तंतू यांच्या वाटेने निलयांच्या भिंतींत वेगाने उतरते. एव्ही नोडचे वर्णन सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करून १९०६ साली प्रसिद्ध केले. तिथला तो क्षणभराचा विलंब फार मोलाचा आहे. त्यामुळे निलये भरायला वेळ मिळतो, आणि अलिंदांत गोंधळ माजला तरी तो जसाच्या तसा खाली पोचत नाही.

ही लय बिघडली की जी औषधे दिली जातात, त्यांचे वर्ग पेशीच्या पडद्यावर ती काय करतात यावरून पाडलेले आहेत. हे वर्गीकरण सोपे आहे, शिकवायला सोयीचे आहे आणि अर्धे शतक उलटून गेले तरी टिकून आहे. पण औषध पेशीत काय करते एवढेच ते सांगते. आजारी हृदय घेऊन आलेल्या माणसाचे ते काय करील, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर वर्गाच्या क्रमांकात सापडत नाही. या औषधांचा अभ्यास करणाऱ्याने हे अंतर सुरुवातीपासून ध्यानात ठेवायला हवे, कारण ते विसरल्याची किंमत एकदा शेकडो घरांनी मोजलेली आहे.

हृदयाच्या स्नायूची पेशी स्वस्थ असताना तिच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असते. प्रेरणा आली की पडद्यातली सोडियमची दारे, ज्यांना चॅनेल म्हणतात, क्षणार्धात उघडतात, सोडियम आत धावतो आणि आतली बाजू धन होते. हा झाला शून्य टप्पा. पहिल्या टप्प्यात थोडा पोटॅशियम बाहेर जाऊन विद्युतदाब किंचित उतरतो. दुसऱ्या टप्प्यात कॅल्शियम हळूहळू आत येत राहतो आणि दाब जवळजवळ एकाच पातळीवर तरंगतो. हाच कॅल्शियम स्नायूला आकुंचनाचा हुकूम देतो. तिसऱ्या टप्प्यात पोटॅशियम मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो आणि पेशी मूळ स्थितीला येते. चौथा टप्पा विश्रांतीचा. या साऱ्या चढउताराला अॅक्शन पोटेन्शियल म्हणतात. मज्जातंतूत हा खेळ एकदोन मिलिसेकंदांत आटोपतो, तर निलयाच्या पेशीत तो २०० ते ३०० मिलिसेकंद चालतो.

सायनस नोड आणि एव्ही नोड यांच्या पेशी वेगळ्या घडणीच्या आहेत. त्यांचा चढ सोडियमवर नाही, कॅल्शियमवर चालतो आणि म्हणून तो संथ असतो. शिवाय त्यांना खरी विश्रांतीच नाही. एक ठोका संपताच त्यांच्यातला दाब पुन्हा आपोआप वर सरकू लागतो आणि ठरावीक पातळी गाठली की पुढचा ठोका उठतो. पेशींच्या या दोन जाती मनात नीट बसल्या, तर पुढचे पुष्कळसे वर्गीकरण पाठ करावे लागत नाही. सोडियम रोखणारे औषध अलिंद-निलयांच्या स्नायूवर आणि पर्किंजे तंतूंवर जोर दाखवील, कॅल्शियम रोखणारे औषध दोन्ही नोडांवर. ईसीजीच्या पट्टीवरही हे वाचता येते. निलयांतला सोडियमचा चढ मंदावला की क्यूआरएस रुंदावतो, पोटॅशियमची वाट अडली की क्यूटी लांबतो, एव्ही नोड सुस्तावला की पीआर अंतर वाढते.

लय बिघडण्याची कारणे तीन घराण्यांत मोडतात. एखादी पेशी नको तिथे स्वतःहून प्रेरणा उठवू लागते, हे पहिले. एका ठोक्याच्या शेपटाला दुसरा अवेळी ठोका फुटतो, हे दुसरे. तिसरे आणि सर्वांत व्यापक कारण म्हणजे प्रेरणेचे गोल फिरत राहणे, ज्याला री-एन्ट्री म्हणतात. जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३ साली त्याची मांडणी केली. प्रेरणा डोंगरावरच्या वणव्यासारखी पसरते. जळून गेलेल्या जागी गवत पुन्हा उगवेपर्यंत आग मागे फिरू शकत नाही. पेशीचेही तसेच आहे. एकदा पेटून गेल्यावर काही काळ ती कोणत्याही प्रेरणेला दाद देत नाही, आणि या निरुत्तर काळामुळेच निरोगी हृदयात प्रेरणा निलयांच्या टोकाला जाऊन विझते. पण वाटेत हृदयविकाराच्या जुन्या झटक्याचा व्रण असला, त्याला वळसा घालून जाताना आग मंदावली, तर ती परत येईपर्यंत सुरुवातीच्या जागी गवत उगवलेले असते. मग वणवा व्रणाभोवती फिरतच राहतो. तो थांबवायचे दोन मार्ग दिसतात. आग पुढे सरकूच नये इतकी दुबळी करायची, किंवा गवत उगवायला लागणारा काळ वाढवायचा. पहिल्या वर्गाची औषधे पहिला मार्ग धरतात, तिसऱ्या वर्गाची दुसरा. पहिल्या मार्गातला धोकाही इथेच दडलेला आहे: आग विझण्याऐवजी नुसती मंदावली, तर फेरा अधिकच पक्का होतो.

ही औषधे वर्गीकरणाच्या कितीतरी आधी आली, आणि बहुतेक भलत्याच वाटेने आली. कारेल वेंकेबाख या डच वैद्याकडे १९१२ साली एक व्यापारी आला. त्याची नाडी मधूनमधून पूर्ण अनियमित होई, आणि कोयनेल घेतले की ती ताळ्यावर येते असे त्याला स्वतःलाच कळून चुकले होते. हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या माणसाला कोयनेल नेहमीचे. वेंकेबाखने खात्री करून घेतली आणि १९१४ साली ही गोष्ट लिहून ठेवली. पुढे १९१८ साली जर्मनीत वॉल्टर फ्रे यांनी सिंकोनाच्या सालीतली अल्कलॉइडे तपासली, तेव्हा त्यांतले क्विनिडीन हृदयावर सर्वांत प्रभावी ठरले. प्रोकेनमाइड निघाले ते प्रोकेन या भुलीच्या औषधावरून. लिडोकेन आजही दातांच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला वापरतात. तेच शिरेतून दिले की निलयातून उठणारी धोकादायक लय आवरते. रोग्याचे निरीक्षण आणि योगायोग यांच्या जोरावर जमा झालेली ही पेटी होती. तिच्यात सूत्र नव्हते.

ते सूत्र ऑक्सफर्डच्या माइल्स व्हॉन विल्यम्स यांनी दिले. १९७० साली डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे भरलेल्या परिसंवादात त्यांनी या औषधांची क्रियेनुसार विभागणी मांडली. त्यांच्या हाताखाली काम करणारे ब्रह्मा सिंग हे फिजीत जन्मलेले, भारतीय वंशाचे डॉक्टर होते. अॅमिओडॅरोन आणि सोटॅलॉल ही औषधे अॅक्शन पोटेन्शियल लांबवतात, हे या दोघांच्या प्रयोगांतून दिसले आणि त्यातून तिसरा वर्ग उभा राहिला. वेरापमिलवरच्या त्यांच्या १९७२ सालच्या कामाने कॅल्शियमचा चौथा वर्ग जोडला गेला. तेव्हापासून चौकट अशी आहे: पहिला वर्ग सोडियम चॅनेल रोखणाऱ्यांचा, दुसरा बीटा-ब्लॉकरचा, तिसरा पोटॅशियमची वाट अडवून निरुत्तर काळ लांबवणाऱ्यांचा, चौथा कॅल्शियम चॅनेल रोखणाऱ्यांचा.

पहिल्या वर्गाचे पुढे तीन पोटभाग झाले आणि तिथे विषय खरा रंगतो. सोडियम चॅनेलच्या तीन अवस्था असतात: बंद पण तयार, उघडे, आणि उघडून निष्क्रिय झालेले. औषध यांपैकी उघड्या किंवा निष्क्रिय चॅनेलला अधिक चिकटते आणि तयार अवस्थेत सुटून जाते. म्हणून हृदय जितके जोरात धावते, तितका औषधाचा अंमल वाढतो, आणि दौडणाऱ्या लयीवर औषध नेमके उतरते. तीन पोटभागांतला फरक मुख्यतः सुटण्याच्या वेगाचा आहे. १-बी मधले लिडोकेन आणि मेक्सिलेटीन एका सेकंदाच्या आत सुटतात. त्यामुळे सामान्य गतीच्या निरोगी पेशीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या, चॅनेल निष्क्रिय होऊन पडलेल्या स्नायूवर मात्र ती बसतात. अलिंदाच्या पेशींचे अॅक्शन पोटेन्शियल आखूड असल्याने तिथे ही औषधे जवळपास निरुपयोगी ठरतात. १-सी मधले फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन सुटायला दहा सेकंदांहून अधिक घेतात. पुढचा ठोका येतो तेव्हा ती अजून चिकटलेलीच असतात, आणि प्रेरणेची गती सर्वत्र खाली येते. १-ए मधले क्विनिडीन, प्रोकेनमाइड व डिसोपायरमाइड या दोहोंच्या मधले, पण सोबत पोटॅशियमची वाटही अडवणारे. म्हणजे त्यांचा एक पाय तिसऱ्या वर्गात.

औषधाने ठरलेले काम चोख करूनही रोगी संकटात कसा येतो, हे फ्लेकेनाइडच्या एका उदाहरणात दिसते. एट्रियल फ्लटरमध्ये अलिंदे मिनिटाला जवळपास ३०० वेळा फडफडतात. एव्ही नोडला एवढा वेग झेपत नाही, म्हणून तो एकाआड एक प्रेरणा गाळतो आणि नाडी १५० वर राहते. फ्लेकेनाइड दिल्यावर फडफड २०० पर्यंत उतरू शकते. कागदावर ही सुधारणाच आहे. पण २०० चा वेग एव्ही नोडला झेपतो. तो प्रत्येक प्रेरणा खाली सोडू लागतो, आणि १५० ची नाडी २०० होते. म्हणून अशा रोग्याला फ्लेकेनाइडबरोबर एव्ही नोड आवरणारे औषध, बहुधा बीटा-ब्लॉकर, देण्याची शिस्त आहे.

यापेक्षा मोठा धडा १९८९ साली मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांत निलयातून अवेळी ठोके पडत असले, तर अचानक मृत्यूची शक्यता वाढते, हे ठाऊक होते. मग ते ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील, हा तर्क इतका सरळ वाटे की ही औषधे सर्रास दिली जात. अमेरिकेतील ‘कास्ट’ या चाचणीने तो तर्क पारखला. एन्केनाइड, फ्लेकेनाइड आणि मोरिसिझीन ही औषधे निवडली, आणि ज्यांचे अवेळी ठोके औषधाने खरोखर दबतात असे आधी दिसले, त्याच रोग्यांना चाचणीत घेतले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडच्या भागात १४९८ रोगी होते. साधारण निम्म्यांना औषध, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. सरासरी दहा महिन्यांत लयबिघाडाने दगावलेल्यांची संख्या औषधाच्या गटात ४३ भरली, निष्क्रिय गोळीच्या गटात १६. चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. ईसीजीच्या पट्टीवर ठोके सुधारत होते आणि माणसे जात होती. व्रण असलेल्या, रक्त कमी पडणाऱ्या स्नायूत प्रेरणा मंदावली की फेऱ्याला जागा मिळते. पेशीच्या पातळीवरचे सगळे हिशेब बरोबर असताना हृदयाच्या पातळीवर ते उलटले होते. क्विनिडीनबाबतही असेच चित्र १९९० साली पुढे आले. सहा चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशननंतर, म्हणजे अलिंदांच्या अनियमित थरथरीनंतर, वर्षभर नियमित लयीत राहणाऱ्यांचे प्रमाण औषधाने सुमारे दुप्पट झालेले दिसले, पण मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर गेलेले होते. आज झटका येऊन गेलेल्या किंवा दुबळ्या हृदयाच्या रोग्याला १-सी औषधे देत नाहीत. धडधाकट हृदयाच्या माणसातील एट्रियल फिब्रिलेशनसाठी मात्र तीच औषधे उत्तम मानली जातात. औषध तेच, वर्ग तोच. हृदय बदलले की निवाडा बदलतो.

दुसऱ्या वर्गाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणले आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. बीटा-ब्लॉकर अॅड्रेनॅलिनचा अंमल कमी करतात, सायनस नोड संथ करतात, एव्ही नोडमधला विलंब वाढवतात. अवेळी ठोके पुसून टाकण्यात ते पहिल्या वर्गाइतके तरबेज नाहीत. तरीही झटक्यानंतर टिमोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या रोग्यांत मृत्यू कमी झाल्याचे १९८१ आणि १९८२ सालच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले. लयीच्या औषधांत आयुष्य वाढवल्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच साध्या, जुन्या गटाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या औषध दुकानात मेटोप्रोलॉल मिळते. त्या गोळीचे मोल तिच्या किमतीवरून करू नये.

तिसऱ्या वर्गाची औषधे पोटॅशियमची बाहेरची वाट अडवतात. त्यातून क्यूटी लांबतो, आणि तो फार लांबला की ‘टॉर्साद द पॉइंट्स’ नावाची, ईसीजीवर पीळ पडल्यासारखी दिसणारी जीवघेणी लय सुरू होऊ शकते. फ्रेंच वैद्य फ्रांस्वा देसर्तेन यांनी १९६६ साली तिला हे नाव दिले. या औषधांचा दुर्दैवी गुण असा की बहुतेकांचा अंमल हृदय संथ असताना जास्त आणि वेगात असताना कमी असतो. गरज असते तेव्हा जोर ओसरतो, आणि रात्री नाडी मंदावली की धोका वाढतो. रक्तातला पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असणे, मूत्रपिंड थकलेले असणे, जोडीला क्यूटी लांबवणारे दुसरे औषध असणे, ही त्यावर भर. हेच पोटॅशियम चॅनेल हृदयाशी काही संबंध नसलेली औषधेही अडवतात. टर्फेनाडीन हे अॅलर्जीचे लोकप्रिय औषध याच कारणाने बाजारातून गेले, आणि आज नवे औषध कोणत्याही रोगावरचे असो, ते क्यूटी लांबवते का हे तपासल्यावाचून पुढे जात नाही.

अॅमिओडॅरोन तिसऱ्या वर्गात ठेवले जाते, पण ते चारही वर्गांची कामे करते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ते छातीतल्या कळेवरचे औषध म्हणून तयार झाले. लयीवरचा त्याचा उपयोग पुढे अर्जेंटिनात मॉरिसिओ रोझेनबाउम यांच्या कामातून प्रकाशात आला. क्यूटी लांबवूनही ते पीळ पडलेली लय क्वचितच आणते, आणि दुबळ्या हृदयातही चालते. त्याची किंमत हृदयाबाहेर द्यावी लागते. त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन आहे, त्यामुळे थायरॉइड मंदावते किंवा भडकते. फुप्फुसात दाह होऊ शकतो, यकृत बिघडू शकते, डोळ्याच्या बुबुळावर कण साचतात, उन्हात त्वचा होरपळते. चरबीत मुरून राहिल्याने गोळी बंद केल्यावरही ते शरीरातून निघायला आठवडे-महिने लागतात. म्हणून हे औषध चालू असलेल्या रोग्याची थायरॉइड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करतात, आणि नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर तो साधा खोकला समजून सोडून देत नाहीत.

चौथ्या वर्गात वेरापमिल आणि डिल्टियाझेम. रक्तदाबासाठी घराघरात असलेले अॅम्लोडिपीनही कॅल्शियम चॅनेलच रोखते, पण रक्तवाहिन्यांतले. लयीच्या कामी ते येत नाही. काही माणसांत अलिंद आणि निलय यांच्यात जन्मजात एक जादा स्नायूची वाट असते. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन झाले असता वेरापमिल देणे घातक ठरते, कारण एव्ही नोडची वाट अडली की सारा गोंधळ त्या बिनविलंबाच्या वाटेने खाली उतरतो.

काही महत्त्वाची औषधे चौकटीत मावलीच नाहीत. डिजॉक्सिन हे त्यांतले सर्वांत जुने. त्याच्या मूळ वनस्पतीवरचा विल्यम विदरिंग यांचा ग्रंथ १७८५ सालचा आहे. ते व्हेगस मज्जातंतूच्या मार्फत एव्ही नोड संथ करते, त्यामुळे बसलेल्या माणसाची नाडी आवरते, चालू लागलेल्याची कमी. भारतात संधिवाताच्या तापाने झडप आकसलेले आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन झालेले रोगी अजूनही पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर डिजॉक्सिन व बीटा-ब्लॉकर ही जोडी नेहमीची आहे. दुसरे अॅडेनोसीन. शिरेतून झटकन दिले की ते एव्ही नोड काही क्षण पुरता अडवते, नोडमधून फिरणारा फेरा तुटतो, आणि दहा सेकंदांच्या आत औषध रक्तातून नाहीसे होते. तेवढ्यात रोग्याला छाती दाबल्यासारखे होऊन भीती वाटून जाते. ती तात्पुरती आहे हे त्याला आधी सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

चौकटीच्या या उणिवा ओळखून १९९१ साली ‘सिसिलियन गॅम्बिट’ या नावाने एक पर्याय पुढे आला. औषध कोणत्या वर्गात बसते हे न विचारता, ते कोणकोणते चॅनेल, ग्राही आणि पंप यांवर काम करते याचा तक्ता करावा आणि रोग्यातील लयबिघाडाचा दुबळा दुवा शोधून त्यावर नेम धरावा, असा त्याचा आग्रह होता. विचार योग्य होता, पण तक्ता इतका गुंतागुंतीचा की रुग्णालयात तो रुजला नाही. २०१८ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह जुनी चौकटच रुंदावली. सायनस नोडची गती कमी करणाऱ्या इव्हाब्रॅडीनसाठी आरंभी शून्य वर्ग आला, पहिल्या वर्गात उशिरा वाहणाऱ्या सोडियम प्रवाहावरची औषधे बसली, आणि पुढे सातव्या वर्गापर्यंत नव्या लक्ष्यांना जागा मिळाली.

औषध निवडण्याआधी आणखी एक प्रश्न असतो: लय परत नियमित करायची, की अनियमित राहू देऊन फक्त नाडीचा वेग आवरायचा? २००२ साली ४०६० रोग्यांच्या ‘अफर्म’ चाचणीत पहिल्या मार्गाने आयुष्य वाढलेले दिसले नाही. २०२० साली ‘ईस्ट’ चाचणीत, निदानानंतर वर्षभराच्या आत लय सांभाळायला घेतलेल्या रोग्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, पक्षाघात आणि रुग्णालयात भरती यांचे एकत्रित प्रमाण कमी भरले. तिथे औषधांच्या जोडीला कॅथेटरने केलेले अॅब्लेशनही होते. दोन्ही मार्गांत गुठळ्या रोखणारे औषध ज्याला लागते त्याला ते चालूच ठेवावे लागते, कारण लयीचे कोणतेही औषध त्याची जागा घेत नाही. जीवघेण्या निलय-लयीपासून वाचवण्याचे काम आता पुष्कळदा छातीत बसवलेले डिफिब्रिलेटर करते, आणि त्याचे झटके वारंवार बसू नयेत म्हणून अॅमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल सोबतीला असते. सोटॅलॉल सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाची क्षमता आणि रक्तातला पोटॅशियम पाहतात, मात्रा त्यानुसार ठरवतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत क्यूटी पुन्हा पुन्हा मोजतात.